मुकीचं दूध

रोगानं गोठा रिकामा केला, त्या वर्षी घरातल्या तिघांना सकाळ फार लांबलचक वाटायला लागली. धार नाही, शेण नाही, वैरण तोडायची नाही. थोरला गव्हाणीच्या कठड्यावर बसून राहायचा. धाकटा रिकाम्या दाव्यांच्या गाठी सोडायचा, पुन्हा मारायचा, पुन्हा सोडायचा. थोरल्याच्या बायकोला धाकटा वहिनी म्हणायचा आणि त्याचं ऐकून आजूबाजूची सगळीच तिला वहिनी म्हणायची. ती काही दिवस हे बघत राहिली. मग एकदा तिनं धाकट्याच्या हातातून दावं काढून घेतलं.

“भाऊजी, गाठी मारून गाई उगवत नाहीत. कालव्यापलीकडच्या संशोधन केंद्रावर माणसं घेतायत. जनावरांची सवय असलेली.”

“दुसऱ्याची गुरं राखायची?” थोरला बसल्या जागेवरून म्हणाला.

“आपली उरली असती तर मी बोलले असते का?”

थोरल्याकडं उत्तर नसलं की तो नाक शिंकरायचा. त्यानं नाक शिंकरलं, आणि तिघंही केंद्रावर गेले.

केंद्रावरचा गोठा म्हणजे लांबच लांब पत्र्याची इमारत. खाली सिमेंट, वर पंखे, भिंतीला काचा. आत जायचं तर आधी अंगावरचं सगळं उतरवायचं, डोक्यावरून अंघोळ करायची आणि पलीकडच्या दारानं निघून तिथले कपडे चढवायचे. यांची गुरं खुरांच्या रोगानं गेली हे तिथल्या कोठारवाल्याला कळलं होतं. तो नळीनं यांच्या तळव्यांवर औषध मारायचा आणि दर वेळी म्हणायचा, “बोटं फाका.” थोरला एक हात भिंतीला टेकून, पाय वर धरून, बोटं फाकायचा. उभ्या हयातीत त्याला कोणी असं सांगितलं नव्हतं. केंद्राची विजार त्याला पोटरीपर्यंतच यायची.

“याहून लांब नाही का?”

“तुम्हीच वाढायचं थांबवा आता,” कोठारवाला म्हणाला.

थोरल्यानं नाक शिंकरलं.

धाकट्याला या कशाचं काही वाटत नव्हतं. थट्टा ऐकायची त्याला लहानपणापासून सवय होती. ज्या घराचं सगळं दुधावर चालायचं, त्याच घरात जन्मून त्याला दूध चालत नव्हतं. ओठाला लागलं की ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या, छातीतून शिट्टी वाजायला लागायची. म्हणून लोक त्याला कोरड्या म्हणायचे. धार काढायला त्याच्याइतका हलका हात कोणाचा नव्हता, पण लग्नाच्या गोष्टी निघाल्या की तिथंच अडायचं. “गोठेवाला आणि दूध पीत नाही? मग दुसरंच काहीतरी पीत असणार,” असं एका मुलीचा मामा म्हणाला होता. ते इतकं पसरलं की पुढं कोणी विचारायलाही आलं नाही. आता त्याची चाळिशी उलटली होती.

वहिनी नवी नवरी म्हणून घरात आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका शेजाऱ्यानं गंमत म्हणून त्याच्या कोऱ्या चहात चमचाभर दूध घातलं होतं. बघू या तरी, खरंच काही होतं का, एवढंच त्याच्या मनात. अंगणात जमिनीवर पडलेला, निळसर ओठांचा दीर तिनं तेव्हा पाहिला. गाडी मिळेपर्यंत त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तेव्हापासून घरातली कोरड्याची भांडी ती स्वतः वेगळी घासायची, आणि त्याबद्दल कोणी काही बोललेलं तिला खपत नसे.

केंद्रावर कामाला लागून थोडे दिवस झाले होते, तेव्हा एका तांबड्या गाईला पांढरी-काळी कालवड झाली. गर्भ दुसऱ्याच गाईचा होता, प्रयोगशाळेत तयार करून तांबडीच्या पोटात ठेवलेला. तांबडीनं मात्र तिला चाटून चाटून कोरडी केली आणि लगेच पान्हा सोडला. काचेमागं गर्दी झाली होती. त्यातली एक हडकुळी, भराभर चालणारी बाई सगळ्यांच्या आधी आत आली. तिच्या पायातले बूट तिला मोठे होते, चालताना फटक फटक वाजत. ती डॉक्टरीणबाई. हा सगळा उद्योग तिचा होता.

“बाई, हिच्यात काय केलंय म्हणता?” वहिनीनं तांबडीची पडलेली वार उचलताना विचारलं.

“गाईच्या दुधात एक पदार्थ असतो. माणसाच्या आईच्या दुधात तो नसतोच. दूध बाधतं त्यातल्या पुष्कळांना तो पदार्थ बाधतो. तो बनवणारं जनुक आम्ही हिच्यात गप्प केलंय.”

“गप्प?”

“हं. मुकं केलंय म्हणा.”

वहिनीनं कालवडीकडं पाहिलं. ती बिचारी चारी पाय चार दिशांना टाकून उभं राहायची खटपट करत होती.

“अरेरे! म्हणजे ही जन्मभर हंबरणार नाही?”

डॉक्टरीणबाई इतकी हसली की तिला पेंडीच्या पोत्यावर बसावं लागलं. तेवढ्यात कालवडीला दूध हवं झालं आणि तिनं असा काही आवाज लावला की पत्रा दणाणला. तिचं नाव तिथंच मुकी पडलं. दारावरच्या पाटीवर नुसता आकडा होता, पण पुढं केंद्राचे साहेबसुद्धा तिला मुकीच म्हणायला लागले.

हसणं ओसरल्यावर कोरड्या पुढं आला. एरवी तो डॉक्टरीणबाईसमोर तोंड उघडत नसे.

“पण एखादी गोष्ट गप्प कशी करतात? कापून टाकतात?”

“नाही, कापलेलं काही नाही. जनुक जागच्या जागी आहे.” ती पोत्यावर सरकून बसली आणि त्यालाही बसायची खूण केली. तो उभाच राहिला. “असं बघा. जनुक म्हणजे घरातलं बसून हुकूम सोडणारं माणूस. ते स्वतः जागचं हलत नाही. त्याचा निरोप घेऊन एक निरोप्या निघतो आणि जिथं काम व्हायचं तिथं जाऊन सांगतो, अमुक पदार्थ बनवा. आम्ही हिच्यात एक बारीकसा तुकडा घातलाय. तो त्या निरोप्याच्या अगदी मापाचा असतो. वाटेत त्याला गाठतो, चिकटतो, आणि निरोप तिथंच फाडून टाकला जातो. हुकूम सुटतो, पण पोचत नाही.”

वहिनी कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

“म्हणजे सासूनं सुनेला निरोप धाडायचा, आणि नणंदेनं तो वाटेतच गिळायचा.”

“अगदी तसंच!”

“पण बाई, नणंद कितीही बारीक लक्ष ठेवणारी असली तरी एखादा निरोप निसटतोच.”

“निसटतो की,” डॉक्टरीणबाई म्हणाली. तिचं हसू जरा कमी झालं. “किती निसटतात तेच बघायचंय. ते हिला दूध आल्याशिवाय कळायचं नाही.”

“आणि तो पदार्थ गाईला कशाला हवा असतो?” कोरड्यानं विचारलं.

“ते अजून कोणालाच नीट माहीत नाही.”

कोरड्याला हे उत्तर फार आवडलं. एवढी शिकलेली बाई माहीत नाही म्हणाली आणि तिला त्यात काही वाटलं नाही. तो रात्री जेवताना थोरल्याला तेच तेच सांगत राहिला. गाई इतकी वर्षं तो पदार्थ बनवतायत आणि कशासाठी ते कोणाला ठाऊक नाही! थोरला म्हणाला, “तू तरी कशासाठी जेवतोयस ते कोणाला ठाऊक आहे? जेव गप.”

मुकी कोरड्याच्या हाताखाली वाढली. हिवाळ्यात तो तिच्या पाठीवर पोतं टाकायचा, उन्हाळ्यात खरारा ओला करून तिचं अंग घासायचा. तिला अनोळखी बूट आवडत नसत. कोठारवाला वैरण घेऊन आला की ती त्याच्याकडं पाठ करायची आणि शेपटी उचलायची. डॉक्टरीणबाई येऊन तिचं रक्त घ्यायची, वजन करायची, कातडी चिमटीत धरून बघायची. कोरड्या शिंगाशी उभा राहून मुकीला बोलण्यात गुंतवायचा, कारण बोलणं थांबलं की ती लाथ झाडायची. कामाच्या ओघात तो डॉक्टरीणबाईला काही ना काही विचारायचा. तो तुकडा तिच्या शेपटीत पण आहे का? आहे. मग तिथं काय करतो? काही नाही, तिथं तो निरोपच निघत नाही. तिच्या वासरात जाईल? जाईल किंवा नाही जाणार, आणि हे दोन्ही ती सारख्याच उत्साहानं सांगायची.

पण एक गोष्ट त्यानं विचारली नाही. ती त्याच्या मनात त्या पहिल्या दिवशीच येऊन बसली होती, आणि दर महिन्याला मुकीसारखीच भरत होती.

मुकी गाभण राहिली आणि दिवस भरले, तेव्हा वारा पडला होता. पंखे फिरत असूनही गोठ्यात अंग चिकट व्हायचं. मुकी सकाळपासून उठबस करत होती, दुपारी कळा आल्या आणि थांबल्या. डॉक्टरीणबाईनं हात घालून पाहिलं. वासराचं एक पाऊल मागं दुमडलेलं होतं. तिचा दंड खांद्यापर्यंत आत, गाल गाईच्या मांडीला टेकलेला, आणि कळ आली की तिच्या तोंडून “आई गं” निघायचं, कारण मुकी तिचा हात आवळून धरायची. शेवटी पाऊल सरळ झालं. थोरल्यानं दोरीचा फास केला. त्याच्याइतका गुळगुळीत फास कोणाला बसत नसे. तिघांनी कळेबरोबर ओढलं, कळ थांबली की थांबले, पुन्हा ओढलं. वासरू एकदम सुटून आलं आणि थोरला त्याच्यासकट मागं बसला, त्या अपुऱ्या विजारीतच, सगळ्या ओल्यात. गोऱ्हा होता. कोरड्यानं त्याच्या नाकपुड्या बोटांनी साफ केल्या, काडी घालून शिंक काढली. मुकी उठली, वळली आणि हंबरली.

“ही जर मुकी,” थोरला कपाळ पुसत म्हणाला, “तर बोलकी कशी असती?”

चीक संपून दूध यायला लागलं, तेव्हा केंद्रावर नवीन नियम लागला. या दुधाचा थेंब बाहेर जायचा नाही. तपासणीच्या बाटल्या भरायच्या, वासराचा वाटा वासराला, उरलेलं टाकीत ओतायचं आणि त्यात औषध घालून नासवायचं. ओतायचं काम कोरड्याकडं होतं. ज्या घरात सांडलेलं दूध बोटानं निपटून घ्यायची शिकवण होती, त्या घरच्या माणसाला रोज चरवीभर दूध टाकीत नासताना बघावं लागायचं. वहिनी त्या वेळी तिकडं पाठ करून उभी राहायची.

पहिल्या तपासणीचा निकाल आला त्या दिवशी डॉक्टरीणबाईच्या बुटांचा आवाज गोठ्याच्या पार टोकापासून ऐकू आला.

“जवळजवळ नाहीच! नावापुरता आहे. निरोप गिळले बाई, तुमच्या नणंदेनं!”

तिनं वहिनीचे दोन्ही हात धरले. मग म्हणाली, “एक बघायचंय मला. तुम्हीच करा, माझ्या हातून उतू जातं.” प्रयोगशाळेतल्या शेगडीवर वहिनीनं दोन भांडी ठेवली, एकात तांबडीचं दूध आणि एकात मुकीचं. दोन्ही तापवली, निवू दिली. तांबडीच्या दुधावर साय धरली. मुकीच्या दुधावर काचेवर श्वास सोडावा तशी नुसती एक झाक आली, ती पण फुंकर मारताच फाटली. साय बांधायला तोच पदार्थ लागतो असं पुस्तकात लिहिलंय, डॉक्टरीणबाई म्हणाली, पण डोळ्यांनी तिनंही पहिल्यांदाच पाहिलं होतं. दूध घेऊन आलेला कोरड्याही पुढं सरकला, आणि तिघं वाकून बघत राहिले.

“बिनसायीचं दूध,” वहिनी म्हणाली. “विकायला गेलो असतो तर पाणी घातलं म्हणून मार खाल्ला असता.”

कोरड्या अजून वाकलेलाच होता. त्याची नजर भांड्यावरून हटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या धारेनंतर तो चरवी घेऊन टाकीकडं गेला आणि परतायला उशीर झाला. वहिनी काचेपलीकडच्या बाजूला झाडत होती. तिनं पाहिलं, भाऊजी टाकीशी उभे आहेत. चरवी ओतलेली नाही. डाव्या हाताची करंगळी त्यांनी दुधात बुडवून वर काढली आहे आणि तिच्याकडं बघतायत. थेंब जमला, लांबला, पडला. त्यांनी पुन्हा बुडवली. या वेळी बोट तोंडाच्या दिशेनं निघालं.

वहिनीनं हातातला खराटा काचेवर असा हाणला की कोरड्याच्या हातून चरवी सुटली. दूध सगळं त्याच्या पायांवर. ती धावत आत गेली, त्याला नळाखाली ओढलं आणि लहान पोराचा धुवावा तसा त्याचा हात कोपरापर्यंत खसाखसा धुतला.

“लागलं तोंडाला? आ करा. आ करा म्हणते!”

“नाही लागलं.”

“आ!”

त्यानं आ केला. तिनं वाकून जीभ पाहिली, ओठ पाहिले. मग ती ओल्या जमिनीवरच बसली.

“मला फक्त बघायचं होतं,” कोरड्या म्हणाला. “तो पदार्थ यात नाही म्हणाल्या ना बाई.”

“नावापुरता आहे म्हणाल्या! मी माझ्या कानांनी ऐकलंय. त्या दिवशी चमचाभर होतं, भाऊजी. चमचाभरच होतं.”

तिनं ते लपवून ठेवलं नाही. डॉक्टरीणबाई आली तशी तिनं कोरड्यादेखत सगळं सांगितलं, चहातल्या दुधापासून करंगळीपर्यंत. कोरड्या भिंतीकडं तोंड करून उभा होता. मान लाल झाली होती. आता तिघांनाही कामावरून काढणार आणि दादाला पुन्हा गव्हाणीवर बसावं लागणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

डॉक्टरीणबाईनं हातातली बाटली खाली ठेवली.

“खरं तर मी तुम्हाला शिव्या घालायला हव्यात,” ती म्हणाली. “पण आधी मला स्वतःला घालायला हव्यात. इतके दिवस तुम्ही मला इतकं विचारलंत, आणि मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही.” मग तिचा आवाज बदलला. “तुम्हाला दुधातलं नेमकं काय बाधतं, हे कोणी कधी तपासलंय?”

“दूध बाधतं.”

“दूध ही एक गोष्ट नाही. त्यात बाधणारे पदार्थ बरेच आहेत. हिच्यात आम्ही एकच गप्प केलाय. तुमचा वैरी तोच आहे की दुसरा, हे तुमच्या कातडीलाच विचारू या. दवाखान्यात, डॉक्टरांसमोर.”

दवाखान्यातले डॉक्टर म्हातारे होते, हळू बोलायचे. त्यांनी कोरड्याचा हात टेबलावर उताणा ठेवला आणि कोपरापासून मनगटापर्यंत थेंबांची ओळ मांडली. हे नुसतं पाणी, हे खाज आणणारं औषध, हा मुकीत गप्प केलेला पदार्थ, हा दह्यात घट्ट होतो तो दुसरा, हे साधं दूध, आणि सर्वांत शेवटी, मनगटाजवळ, मुकीचं दूध. प्रत्येक थेंबातून त्यांनी सुईनं कातडीला हलकेच टोचलं. मग म्हणाले, “आता खाजवायचं नाही. बसून राहायचं.”

कोरड्या आणि वहिनी दोघंही त्या हाताकडं बघत बसले. थोरलाही आला होता. तो खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता आणि दर थोड्या वेळानं मान वळवून विचारत होता, “आलं काही?”

पाण्याच्या जागी काही आलं नाही. औषधाच्या जागी गांधी आली, ती यायचीच होती. मुकीत गप्प केलेल्या पदार्थाच्या जागी कातडी तशीच. वहिनीनं श्वास आत घेतला तो सोडेचना. पण त्याच्या शेजारी, दुसऱ्या पदार्थावर, एक लाल फुगवटा उठला आणि कडेनं पसरत गेला. साध्या दुधावर उठला. आणि मनगटाजवळ, मुकीच्या दुधावर, सगळ्यांत मोठा. दोन फुगवटे एकमेकांत मिसळले.

डॉक्टरांनी पट्टीनं मापं घेतली. सोबत आलेल्या डॉक्टरीणबाईनं तोंडावर हात ठेवला होता.

“तुमचा वैरी दुसरा आहे,” ती हळूच म्हणाली. “आणि एक पदार्थ गप्प झाला की बाकीचे जास्त तयार होतात, असं मुकीच्या दुधात दिसलंय. तो दुसरा हिच्यात साध्या दुधापेक्षा जास्त आहे.”

“म्हणजे परवा मी जर...”

“हो.”

तो हसला. हसण्यासारखं काही नव्हतं, पण त्याला दुसरं काही सुचलं नाही. परतताना गाडीत थोरला म्हणाला, “एवढी अंगाखांद्यावर वाढवली, आणि तुझ्याच जिवावर उठली.” कोरड्या म्हणाला, “तिला काय ठाऊक, दादा.” पण त्या संध्याकाळी तो मुकीच्या धारेला बसला तेव्हा तिच्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कास धुतली, सड पुसले, खाली बसला, उठला. मुकीनं मान वळवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं दूध चोरलं, आवरून धरलं. चरवीचा तळ जेमतेम झाकला. वासराला सोडलं तरी तेच.

डॉक्टरीणबाई घाबरली. ताप नाही, कास सुजलेली नाही, खाणं व्यवस्थित. नेमका याच वेळी दवाखान्यातून निरोप आला होता. एक शिवणकाम करणारी बाई तिथं तपासणीला यायची. लहानपणापासून तिलाही दूध बाधायचं, आणि तिचा वैरी तोच, मुकीत गप्प केलेला. तिच्या हातावर मुकीच्या दुधाचा थेंब टोचून पाहिला, तर काही उठलं नव्हतं. आता तिला ते पाजून बघायची परवानगी मिळाली होती. त्यासाठी ताजं दूध हवं होतं, आणि गाय दूध देत नव्हती.

“गाईला काही झालेलं नाही,” वहिनी म्हणाली. “भाऊजींना झालंय. बाई, तुम्ही तिचं जनुक मुकं केलंत, आणि आता हे मुके झालेत. तिनं पान्हा सोडायचा तो कोणाच्या भरवशावर?”

डॉक्टरीणबाईनं कोरड्याकडं पाहिलं. कोरड्यानं बुटांकडं पाहिलं.

“ती शिवणकामवाली,” तो थोड्या वेळानं म्हणाला, “तिनं पण कधीच प्यायलं नाही?”

“एक घोटही नाही.”

“तिचा हात अगदी कोरा राहिला?”

“अगदी.”

तो मुकीजवळ गेला. काय बोलला ते कोणाला ऐकू आलं नाही. सुरुवातीला रागावून बोलत असावा, कारण मुकी कान मागं टाकून उभी होती. मग त्यानं तिच्या गळ्याखालची लोंबती कातडी खाजवायला घेतली. बऱ्याच वेळानं बसला, आणि चरवीच्या बुडावर धार वाजली.

दूध दवाखान्यात न्यायचं काम त्यालाच मिळालं. ज्याच्या हातून दूध निघालं त्यानंच ते पोचवायचं, मध्ये हात बदलायचा नाही, असा नियम होता. वहिनी सोबत आली, त्याच्यावर लक्ष ठेवायला. शिवणकामवाली पस्तिशीची, उंच, पदराला दोन-तीन टाचण्या टोचलेल्या तशाच. तिचे हात सारखे काहीतरी दुमडत होते, नाहीतर उलगडत होते. शेजारच्या टेबलावर, काही झालंच तर म्हणून, इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं आणि तिची नजर दुधापेक्षा तिकडंच जात होती.

आधी एक थेंब खालच्या ओठावर. सगळे वाट बघत बसले. मग ती एकदम म्हणाली, “खाज येतेय.”

म्हातारे डॉक्टर उठले. डॉक्टरीणबाईनं इंजेक्शन त्यांच्याकडं सरकवलं. कोरड्याच्या मनात आलं, निसटला, एखादा निरोप निसटला. डॉक्टरांनी ओठ पाहिला, छाती ऐकली, जीभ पाहिली.

“कुठं खाज येते नेमकी?”

“इथं,” ती म्हणाली आणि मानेला हात लावला. डॉक्टरांनी ब्लाउजची कड बाजूला केली. आत एक दोऱ्याचा तुकडा होता. त्यांनी तो चिमटीत धरून वर केला. शिवणकामवाली आधी हसली आणि मग रडायला लागली. तिला शांत व्हायला वेळ दिला. मग चमचा, मग थांबणं, मग दोन चमचे. मग अर्धी वाटी तिच्या हातात दिली.

ती प्यायली. वाटी खाली ठेवली. वरच्या ओठावर पांढरी रेघ राहिली, आणि ती पुसायची असते हे तिला ठाऊकच नव्हतं.

डॉक्टर तिची नाडी मोजत होते. डॉक्टरीणबाई वाटीच्या तळाकडं बघत होती. कोरड्या भिंतीशी उभा होता, तो दोन पावलं पुढं आला.

“कसं लागतं?”

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. त्याचे कान तापले, पण तो मागं सरला नाही.

“नाही, म्हणजे... बाकीचे सगळे जन्मापासून पितात. त्यांना विचारलं तर म्हणतात, दुधासारखं लागतं. तुम्ही आत्ता पहिल्यांदा प्यायलात. तुम्हीच सांगू शकाल.”

शिवणकामवालीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. “तुम्हालाही चालत नाही?”

“हे तर मुळीच नाही.”

“अगं बाई. आणि धार तुम्हीच काढलीत?”

“हो.”

तिनं डोळे मिटले. जीभ टाळूला लावून सोडली. “गोड असतं म्हणतात ना सगळे? तसं काही गोड नाही. जीभ झाकल्यासारखी होते. आणि गिळून झाल्यावर मागं काहीतरी उरतं. चव नव्हे, वास.”

“कसला?”

“ओळखीचा आहे. कसला बरं...”

“वासराच्या तोंडाला येतो तसा?”

“मी वासरू कधी हुंगलेलं नाही हो.”

“मग या एकदा.”

वहिनीनं त्याच्याकडं असं काही पाहिलं, की इतक्या वर्षांत भाऊजींनी कोणाला असं बोलावलेलं तिनं ऐकलं नव्हतं हे कोणालाही कळावं. शिवणकामवाली म्हणाली, येईन की. त्या म्हणण्याला काही अर्थ असेल असं वहिनीला वाटलं नाही.

पण ती आली. डॉक्टरीणबाईनं परवानगी मिळवली. कोठारवाल्यानं तिला तळव्यांना औषध मारताना बोटं फाकायला सांगितली, तर ती म्हणाली, “तुमच्या शर्टाचं बटण तुटलंय, आधी ते बघा.” मुकी तिचे बूट हुंगून गप्प उभी राहिली. कोरड्यानं वासराला आईपासून ओढून काढलं. त्याच्या तोंडाला फेस होता, तो तसाच राहू दिला. “हं,” तो म्हणाला.

शिवणकामवाली गुडघ्यांवर बसली, वासराची हनुवटी धरली आणि नाक अगदी जवळ नेलं. वासरानं तिच्या नाकाला जीभ लावली. वहिनी गव्हाणीपाशी, थोरला दाराशी, डॉक्टरीणबाई हातातली बाटली विसरून, सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

“नाही,” ती म्हणाली. “हा नव्हे.”

“नाही?” कोरड्याचा विश्वासच बसेना. “नीट घ्या. कानामागं पण बघा, तिथं जास्त येतो.”

तिनं कानामागं हुंगलं. मान हलवली. “चांगला आहे, पण तो नव्हे.”

“मग कोणता?”

“थांबा हो, आठवू तर द्या.”

ती तिथंच पेंढ्यावर मांडी घालून बसली, डोळे मिटून. वासरू तिच्या मांडीवर डोकं घासत होतं. कोरड्यानं चरवी खाली ठेवली आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.